मावशीची आंबटजाळी

हॉस्पिटलात माझ्या मावशीला सगळे 'कडक' म्हणत. तोंडावर 'कडकताई', पाठीमागे नुसतं 'कडक'. तिच्या चादरींच्या घड्या कडक असत म्हणून हे नाव पडलं, असं तिचं म्हणणं. बाकीच्यांचं म्हणणं वेगळं होतं, पण ते तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. तेविसाव्या वर्षी ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत मळके कपडे निवडायच्या कामावर लागली आणि पुढच्या पंधरा वर्षांत सबंध लाँड्री तिच्या हाताखाली आली. मी त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या कामावर रुजू झाले तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "इथे मी तुझी मावशी नाही. ॲप्रन मळला की बाकीच्यांसारखा रांगेत टाकायचा." आणि संध्याकाळी जाताना माझ्या हातात इस्त्री केलेला ॲप्रन ठेवला.

लाँड्री हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला लागून होती. आत शिरलं की साबणाचा आणि गरम कापडाचा वास नाकात बसायचा. एका बाजूला धुण्याची तीन मोठी मशीनं, मध्ये चादरी दाबून काढणारा गरम रोलर, भिंतीकडेला छतापर्यंत गेलेले लाकडी खण. टॉवेल आणि रोग्यांचे कपडे मशीनमध्ये वाळत, पण चादरी मात्र बाहेर अंगणात, दोऱ्यांवर. ऊन लागल्याशिवाय चादर धुतली असं मावशी मानत नसे. अंगणाच्या पुढे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे वाळूचा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्र.

प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात खाटेचा नंबर लाल दोऱ्याने शिवलेला असे. मळक्या चादरी निवडताना मावशी तो नंबर बघायची आणि चादरही वाचायची. हो, वाचायचीच. "सात नंबरचा माणूस रात्रभर बसून असतो, झोपत नाही," ती सिस्टरला सांगायची, आणि ते खरं निघायचं. एकदा तिसऱ्या वॉर्डातल्या अकरा नंबरच्या चादरीवर पायथ्याशी दोन पिवळट डाग तिला दिसले. रुपयाएवढे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती चादर काखेत मारून थेट वॉर्डात गेली.

"अकरा नंबरच्या टाचा बघितल्यात का कुणी?"

तो एक ट्रक ड्रायव्हर होता, पोटाच्या ऑपरेशनसाठी आलेला. साखरेचा आजार जुना. टाचेला जखम झाली होती आणि पाय कापतील या भीतीने तो मोजे घालून पडला होता. मोजे काढले तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला. आणखी आठवडा गेला असता तर पाय गेलाच असता. ड्रायव्हर दोन्ही पायांवर चालत घरी गेला. जाताना लाँड्रीच्या दारात येऊन हात जोडून उभा राहिला. मावशी म्हणाली, "मोजे रोज धुवायचे असतात," आणि कामाला लागली.

अशी ही बाई. तिचं एकच वैर होतं, ते म्हणजे पक्ष्यांशी.

भिंतीपलीकडच्या वाळूवर एक झुडूप माजलेलं होतं. कुणी लावलेलं नव्हतं, आधीपासूनच होतं. छातीएवढी गचपणं, जाडसर चिवट, चावली तर आंबट पानं, बोटात रुततील असे काटे आणि हंगामात गडद जांभळी, वाटाण्याएवढी फळं. ती इतकी आंबट की पहिलं तोंडात टाकलं की एक डोळा आपोआप मिटायचा, आणि तरी हात दुसऱ्या फळाकडे जायचा. सगळे त्याला आंबटजाळी म्हणत. बरे होत आलेले रोगी चालायला म्हणून तिथवर जात आणि जीभ जांभळी करून परत येत. तोंडाची चव गेलेल्यांना तर ती फळं फार आवडत.

पक्ष्यांनाही आवडत. झुंडीच्या झुंडी यायच्या, पोट भरून फळं खायच्या आणि मग दोऱ्यांवर येऊन बसायच्या. दोऱ्यांवर मावशीच्या चादरी. त्यावर जांभळे डाग. साध्या धुण्यात ते जात नसत. उकळून, घासून, पुन्हा उकळून जेमतेम फिके होत. हंगामाचे दोन महिने अंगणातल्या बायका हातात काठ्या घेऊन हुश्श-हुश्श करत फिरायच्या आणि मावशीच्या नाकावर राग चोवीस तास बसलेला असायचा.

शेवटी ती हात धुवून त्या झुडपांच्या मागे लागली. एक अर्ज, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा मीच लिहून दिला. 'सदर झुडपांमुळे पक्ष्यांचा उपद्रव वाढला असून रुग्णांच्या स्वच्छतेस बाध येत आहे' अशी भाषा होती. मावशीने ती मला दोनदा वाचून दाखवायला लावली आणि मान डोलावली. हॉस्पिटलचे मोठे साहेबही रोजच्या कटकटीला कंटाळलेले होते. त्यांनी सही केली.

हॉस्पिटलचा माळी तेव्हा तिला म्हणाला होता. माळीदादा कमी बोलायचा, पण त्या दिवशी मुद्दाम लाँड्रीच्या दारात आला.

"ताई, ती झुडपं वाळू धरून बसलीत."

"वाळूला धरू देत," मावशी म्हणाली, "माझ्या चादरींना सोडू देत."

बायका हसल्या. माळीदादा निघून गेला. दोन दिवसांत माती उकरणाऱ्या मशीनने सगळा पट्टा मुळासकट उपटून काढला. जागा स्वच्छ, सपाट दिसू लागली. मावशीने अंगणात उभं राहून समुद्र पाहिला. इतक्या वर्षांत तो तिथून कधी दिसला नव्हता. "सुटलो एकदाचे," ती म्हणाली. त्या हंगामात चादरी बर्फासारख्या पांढऱ्या निघाल्या.

मग कोरड्या वाऱ्याचे महिने आले.

वारा दरवर्षीच यायचा. या वेळी तो वाळू घेऊन आला. पहिल्या आठवड्यात अंगणात बोटभर थर बसला. ओल्या चादरीवर वाळू बसली की ती झटकून जात नाही, शिवणीत जाऊन लपते. रोलरवर बारीक ओरखडे उठले. वॉर्डांच्या खिडक्यांत, औषधांच्या ट्रेवर, माझ्या एक्स-रेच्या टेबलावर, जिथे हात ठेवावा तिथे करकर. मावशी चादरी दोनदा झटकायला लावायची, मग तीनदा. बायकांचे खांदे भरून यायचे. तरी वाळू उरायचीच.

एका सकाळी वॉर्डातली सिस्टर एक चादर घडी करून घेऊन आली. ती तिने मावशीपुढे उघडली. मधोमध रक्ताची पुसट रेघ होती.

"चौदा नंबर," सिस्टर म्हणाली. "म्हातारी बाई आहे. कातडी कागदासारखी झालीय. कूस बदलताना वाळूने सोललं तिला."

मावशी तशीच ओल्या हातांनी वर गेली. मी जिन्यात होते, तिचा चेहरा पाहून मागोमाग गेले.

चौदा नंबरला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, उठता येत नव्हतं. त्यांचा एक्स-रे मीच काढला होता. आयुष्यभर भूमिती शिकवलेली, आवाज अजून वर्गातलाच. मावशीला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"लाँड्रीच्या का तुम्ही?"

"हो."

"मग एक सांगा. वाळू फुकट मिळते म्हणून घालता का?"

शेजारच्या खाटेवरचं कुणीतरी हसलं. मावशी हसली नाही. ती खाटेजवळ खाली बसली आणि म्हणाली, "बाई, चूक माझी आहे."

"तुमची कशी? वाळू वाऱ्याने येते."

"वाऱ्याला वाट मी करून दिली." आणि तिने सगळं सांगितलं. पक्षी, डाग, तीन अर्ज, उपटलेली झुडपं. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. तिला कुणासमोर चूक कबूल करताना मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात गणित चुकलं तर पान फाडू देत नसे मी. त्याच पानावर, खाली, पुन्हा सोडवायचं."

बाईंच्या पाठीची जखम भरायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत चौदा नंबरची चादर मावशीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाही. स्वतः घरी नेऊन धुवायची, वाळू लागू नये म्हणून बंद खोलीत वाळवायची, हाताने इस्त्री करून, तळवा फिरवून, कडेकडेने शिवण चाचपून मग स्वतःच वर नेऊन अंथरायची.

आणि त्याच दिवसांत तिने मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं की झुडपं परत लावायला हवीत. साहेबांनी बागेसाठी शोभेची रोपं मागवली. खाऱ्या वाऱ्यात ती महिनाभरात करपून काळी पडली. साहेबांनी हात वर केले. मावशीने नाही केले.

आंबटजाळी आता फक्त धक्क्याच्या पलीकडे, मैलभर दूर, खडकांच्या फटींत उरली होती. सुट्टीच्या दिवशी मावशी तिकडे चालत जायची. काकांना सोबत न्यायची. काका म्हणजे तिचे यजमान, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. स्वभावाने ती जेवढी तिखट तेवढे ते गार. फांद्या तोडून आणल्या, डब्यांत लावल्या. वाळल्या. फळं आणली, बिया काढल्या, पेरल्या. काही उगवलं नाही. बिया भिजवून पेरल्या, घासून पेरल्या, वाळूत पेरल्या, मातीत पेरल्या. दोन वर्षं गेली. माळीदादा यायचा, डब्यांकडे बघायचा.

"ताई, काही झाडं माणसाच्या हातून होत नाहीत."

"मग कुणाच्या हातून होतात?"

उत्तर मिळालं ते पन्हाळीत.

बॉयलरच्या खोलीच्या पत्र्याची पन्हाळ तुंबली होती आणि पाणी लाँड्रीच्या दारात पडत होतं. दुरुस्तीच्या माणसाची आठवडाभर वाट बघून मावशी शिडी लावून स्वतःच चढली. पन्हाळीत गाळ साठला होता. तो उपसायला हात घातला आणि थांबली. खालून आम्हाला फक्त तिचे पाय दिसत होते. बराच वेळ ती हलली नाही म्हणून मी हाक मारली.

"मावशी, चक्कर येतेय का?"

"गप्प," वरून आवाज आला. "मोजतेय."

गाळात अकरा रोपं होती. चार-चार पानांची, बोटभर उंच. तिने एक पान तोडून चावलं आणि तिचा एक डोळा मिटला.

सगळा उलगडा तिला त्या शिडीवरच झाला. बॉयलरमुळे तो पत्रा कायम उबदार. खडकांकडे जाऊन फळं खाऊन आलेले पक्षी तिथे ऊब घेत बसायचे. पक्ष्याच्या पोटातून जाऊन आलेली बी तेवढी उगवत होती. वरचा चिकट गर आणि सालपट पोटात निघून जायचं, नुसत्या हाताने ते निघत नव्हतं. अठरा वर्षं ज्या घाणीवर ती बोटं मोडत होती, त्या घाणीतच बी तयार होऊन पडत होती.

दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीच्या मागे जे सुरू झालं ते पाहायला वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे डोकावून गेले. काकांनी जुन्या होडीची लाकडं आणून आडव्या दांड्या उभ्या करून दिल्या, पक्ष्यांना बसायला आणि खडकांवरून आणलेली फळं टिपायला. दांड्यांखाली मावशीने फाटून बाद झालेल्या चादरी अंथरल्या. आठवड्याने चादर गोळा करायची, बादलीत खंगाळायची, पाणी गाळणीतून गाळायचं. गाळणीत मोहरीएवढ्या काळ्या बिया उरत.

"आयुष्यभर पक्षी हाकलले," काका म्हणाले, "आता त्यांना खुर्च्या देतेय. आणि अगं, ही गाळणी आपल्या चहाची तर नाही ना?"

"तुम्हाला चव वेगळी लागली का?"

"नाही."

"मग विचारता कशाला?"

काका दुसऱ्याच दिवशी नवी गाळणी घेऊन आले.

बायका हसायच्या. 'कडक' आता पक्ष्यांच्या दारी धुणं धुते, असं कुणीतरी म्हणालं आणि ते हॉस्पिटलभर झालं. मावशीच्या कानावरही गेलं. एरवी तिने त्या माणसाचीच धुलाई केली असती. या वेळी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. साबणाच्या पाण्याचे रिकामे कॅन अर्धे कापून तिने त्यांत रोपं लावली. वर्षअखेर एकशेचाळीस रोपं झाली. पाणी ती दोन पाळ्यांच्या मध्ये घालायची, जेवणाच्या सुट्टीत, अर्धी पोळी तोंडात धरून.

पहिली नव्वद रोपं वाळूत लावली आणि तिसऱ्या आठवड्यात मोठा वारा सुटला. सकाळी आम्ही गेलो तर सगळं सपाट होतं, कुठे काय लावलं तेही कळत नव्हतं. मावशी गुडघ्यांवर बसून हातांनी उकरत राहिली. चारच रोपं जिवंत निघाली. ती चारही एका मोडक्या, उलट्या पडलेल्या हातगाडीच्या आडोशाला होती. मावशी नव्वदातली शहाऐंशी गेलेली बघत बसली नाही. ती हातगाडी बघत बसली.

पुढच्या खेपेला तिने वाळूत खुंट्या ठोकल्या आणि त्यांना बाद चादरी ताणून बांधल्या, रांगेने, वाऱ्याकडे तोंड करून. वरच्या वॉर्डातून पाहिलं की वाटायचं, कुणी तरी समुद्राकाठी अंथरुणं वाळत घातलीत. तोवर नवे मोठे साहेब आले होते. ते खाली उतरून आले.

"हे काय चाललंय? परवानगी कुणाची?"

"साहेब, तीन अर्ज देऊन मी इथली झुडपं काढायला लावली," मावशी म्हणाली. "काढायला दोन दिवस लागले. आता परत लावतेय. तुम्ही नको म्हणालात तर नवा अर्ज देईन. तो नाकारलात तर अजून एक देईन."

साहेबांनी चादरींच्या रांगेकडे पाहिलं. "किती वर्षं लागतील?"

"माझी नोकरी अकरा वर्षं उरलीय. तेवढ्यात व्हायला पाहिजे."

साहेब वर निघून गेले. पण आठवड्याने माळीदादाला हुकूम आला की मागच्या भिंतीजवळ पाण्याचा एक नळ काढून द्यावा. मावशीने तो नळ तीनदा सोडून-बंद करून बघितला.

त्यानंतरच्या चौथ्या वर्षी भरती इतकी वर आली की समुद्राकडच्या दोन रांगा धुऊन गेल्या. आणि त्याच हंगामात, खडकांवरून फळं आणायला गेलेली मावशी शेवाळ्यावरून घसरली. तिला माझ्याकडेच आणलं. मनगट सुजून टम्म झालं होतं. मी फिल्म दिव्यासमोर धरली. हाड दोन जागी मोडलेलं.

मला रडू आलं. तिच्या हाताकडे बघून नाही, त्या हाताला लागलेल्या जांभळ्या रंगाकडे बघून. "पुरे झालं आता," मी म्हणाले. "दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणाच्या लक्षातही नाही, मावशी. सोडून दे."

"माझ्या लक्षात आहे," ती म्हणाली. मग बऱ्या हाताने ओढणीच्या गाठीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती सोड. फळं आहेत त्यात. आजच दांड्यांवर ठेवायला हवीत, नाहीतर सुकतील."

दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं, आणि ती चक्क बसली, म्हणजे काकांनी बसवली. मला वाटलं, रोपं जाणार. तीन दिवसांनी मी मागे डोकावले तर लाँड्रीतल्या सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्या दोघी बायका बादल्या घेऊन वाळूत उभ्या होत्या. एकीच्या हातात पाळ्यांचा कागद होता. कुणी कुठल्या दिवशी पाणी घालायचं ते तिने लिहून काढलं होतं. माळीदादा गुडघाभर वाळूत उभा राहून नव्या खुंट्या ठोकत होता.

"तुम्ही तर म्हणाला होतात, माणसाच्या हातून होत नाहीत," मी म्हणाले.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "ती खुंटी दे इकडे."

मावशी परत कामावर आली, मागे जाऊन सगळ्या रांगा बघून आली आणि लाँड्रीत येऊन म्हणाली, "तिसऱ्या रांगेत पाणी कमी पडलंय." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग मावशी नाक शिंकरायच्या निमित्ताने रोलरच्या मागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

खुंट्या ठोकल्यापासून सहाव्या वर्षीच्या कोरड्या वाऱ्यात, एके दुपारी मला एका रोग्याचा एक्स-रे वॉर्डातच काढायचा होता. मी मशीन खिडकीला लावलं, हात खिडकीच्या कट्ट्यावर टेकला आणि काही तरी चुकल्यासारखं वाटलं. हाताला काही लागलं नव्हतं. मी पुन्हा तळवा फिरवला. मग शेजारच्या खिडकीवर. सिस्टर म्हणाली, "काय शोधतेस?" मी म्हणाले, "वाळू." तिने स्वतःही बोट फिरवून पाहिलं. आम्ही दोघी वेड्यासारख्या वॉर्डभर खिडक्या पुसत फिरलो. बाहेर वारा नेहमीसारखाच ओरडत होता. झुडपं कमरेएवढी झाली होती आणि वाळू त्यांच्या पायाशी ढीग करून बसली होती, आमच्याकडे यायचं विसरून.

आणखी दोन वर्षांनी फळं धरली. पहिली ओंजळ मावशीने भूमितीच्या बाईंच्या घरी नेऊन दिली. त्या तोवर फार थकल्या होत्या. त्यांनी एक फळ तोंडात टाकलं, डोळा मिटला आणि म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे." मावशी हे मला तिसऱ्यांदा सांगत होती, पण मी थांबवलं नाही.

फळांमागून पक्षी आले. पक्ष्यांमागून डाग आले. लाँड्रीतल्या बायकांनी श्वास रोखला. मावशीने डागाळलेली चादर हातात घेतली, वर पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. मग काकांना बोलावणं धाडलं. दोघांनी मिळून दोऱ्यांचे खांब उपटले आणि बॉयलरच्या खोलीच्या पलीकडच्या अंगाला, जिथे ऊन तेवढंच पण पक्ष्यांना बसायला उबदार पत्रा मध्येच भेटतो, तिथे रोवले. एका सकाळचं काम. दुपारपर्यंत चादरी नव्या जागी वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र.

मावशी एका उलट्या बादलीवर बसली. "हे मला तेव्हा का नाही सुचलं हो?"

काका हातावरची माती झटकत होते. "तेव्हा तू चिडली होतीस."

ती हो म्हणाली. एवढंच.

ती निवृत्त झाली तेव्हा साहेबांनी मागच्या भिंतीवर एक पाटी लावायचं ठरवलं. मजकूर तिला वाचून दाखवला. ही झाडी लाँड्रीच्या अमुक बाईंनी बारा वर्षं कष्ट करून उभी केली, अशा अर्थाचा. तिने ऐकलं आणि म्हणाली, "अर्धंच लिहिलंय."

"काय राहिलं?"

"आधी होती ती हिनेच काढायला लावली. हे खाली लिहा."

"ताई, असं पाटीवर कुणी लिहीत नाही."

"मग पाटी नको."

साहेबांनी मला बोलावून तिची समजूत काढायला सांगितलं. मी सांगितलं, साहेब, माझी मावशी आहे ती, मला अनुभव आहे. पाटीवर शेवटी दोन्ही वाक्यं आली. लोक वाचतात, आधी हसतात, मग पुन्हा वाचतात आणि माळीदादाच्या जागी आलेल्या माळ्याला विचारतात की हे खरं का. त्यामुळे गोष्ट दर आठवड्याला नव्याने सांगितली जाते. साध्या पाटीने हे झालं नसतं.

आता ती सत्तरीची आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. तिच्या अंगणात काकांनी केलेल्या दांड्या आहेत, डबे आहेत, आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांतून माणसं शिकायला येतात. मागच्या महिन्यात एका शाळेतल्या शिपाईबाई आल्या होत्या. त्यांच्या शाळेच्या वर्गांत वाळू शिरते. त्यांची रोपं दोनदा मेली होती. या खेपेला एक जगलेलं रोप मांडीवर घेऊन त्या दोन तास बसमधून आल्या होत्या, नुसतं दाखवायला.

मावशीने डबा हातात घेतला, रोप उजेडाकडे फिरवलं, माती बोटाने दाबली.

"पाणी फार घालतेस गं."

"मरेल की काय म्हणून भीती वाटते, मावशी."

"ते दिसतंय. आडोसा कुठल्या बाजूने केलायस?"

शिपाईबाईंनी हवेत हात फिरवून दाखवायचा प्रयत्न केला. इकडे शाळा, तिकडे कुंपण, मध्ये मैदान. मावशी थोडा वेळ तो हात बघत राहिली.

"असं नाही कळत," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. "परतीची बस किती वाजता आहे?"

काका दारात आले. "अगं, जेवायला परत येशील ना?"

"तुम्ही जेवून घ्या," म्हणत ती शिपाईबाईंच्या खांद्यावर हात टेकून पायऱ्या उतरली, आणि दोघी ते रोप वाऱ्यापासून सांभाळत बसथांब्याकडे चालू लागल्या.